भूगोलात ‘इथेच का?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी कसा आणायचा

प्रश्न: मी नववी-दहावीला भूगोल शिकवतो. मुलं व्याख्या पाठ करतात, नकाशात नद्या-पर्वत भरतात, पण ‘असं का?’ विचारलं की वर्ग गप्प होतो. तास कमी आहेत. साहित्य म्हणाल तर खडू, फळा, नकाशासंग्रह आणि एक पृथ्वीगोल. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात क्रम उलटा करण्यापासून करा. बहुतेक वर्गांत आधी संज्ञा येते, मग व्याख्या, मग एखादं उदाहरण, आणि वेळ उरलाच तर नकाशा. तुम्ही आधी नकाशा किंवा आकडे मुलांसमोर ठेवा. त्यात काय दिसतंय ते त्यांना सांगू द्या, मग कारण शोधा, आणि पुस्तकातलं नाव सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहा. नाव आधी कळलं की मुलांना वाटतं विषय संपला. ‘भूमध्य सागरी हवामान’ हे शब्द लिहून घेतले की वही मिटली जाते आणि ‘का’ला जागाच उरत नाही.

हाच पाठ उदाहरण म्हणून घेऊ. फळ्यावर एका शहराचे बारा महिन्यांचे तापमान आणि पावसाचे आकडे लिहा, शहराचं नाव लिहू नका. मी चिलीची राजधानी सँटियागो घेतो. जानेवारीचं सरासरी तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअस, जुलैचं ८-९ अंश. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक मे ते ऑगस्ट या काळात. आता एवढंच विचारा: ‘हे ठिकाण कुठे असेल?’ जून-जुलैत पाऊस दिसला की पहिलं उत्तर हमखास ‘मोसमी प्रदेश’ असं येतं. ते खोडून काढायची घाई करू नका. ‘पाऊस पडतो ते महिने उन्हाळ्याचे की हिवाळ्याचे?’ एवढंच विचारा. मुलं तापमानाच्या ओळीकडे परत जातात. सगळ्यात थंड महिना जुलै, म्हणजे ठिकाण दक्षिण गोलार्धात. आणि पाऊस नेमका थंडीत. मोसमी प्रदेशात तर तो उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो. इथे वर्गात पहिल्यांदा कुणीतरी ‘मग असं का?’ म्हणतं. त्या क्षणासाठी पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

मग नकाशासंग्रह उघडायला सांगा आणि असं हवामान असलेले पाच प्रदेश दाखवा: भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं नैऋत्य टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य व दक्षिण किनारा. या पाचांमध्ये समान काय आहे ते मुलांनाच शोधू द्या. साधारण ३० ते ४५ अक्षांशांच्या दरम्यान, दोन्ही गोलार्धांत, आणि खंडांच्या पश्चिम बाजूला, हे त्यांचं त्यांना सापडतं. आता वायुदाबपट्टे शिकवा. सूर्याबरोबर हे पट्टे उत्तर-दक्षिण सरकतात. उन्हाळ्यात उपोष्ण जास्त दाबाचा पट्टा या प्रदेशांवर येतो, तिथली हवा खाली उतरत असते, म्हणून कोरडं. हिवाळ्यात पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो आणि पश्चिमी वारे समुद्रावरून पाऊस आणतात. वायुदाबपट्ट्यांचा जो धडा एरवी सगळ्यात रुक्ष वाटतो, तो इथे एका अडलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतो. शेवटच्या पाच मिनिटांत नाव सांगा.

याच पद्धतीने वापरायला शहरांच्या दोन जोड्याही हाताशी ठेवा. एडिनबरो आणि मॉस्को दोन्ही ५६ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या जवळ. जानेवारीत एडिनबरोचं सरासरी तापमान साधारण ४ अंश, मॉस्कोचं उणे ६ च्या आसपास. जुलैत उलट, मॉस्को १९ च्या घरात आणि एडिनबरो १५. अक्षांश तेच असताना असं का, यातून समुद्रसान्निध्य, सम (वर्षभर फारसं न बदलणारं) आणि विषम (टोकाला जाणारं) हवामान आपोआप येतं.

दुसरी जोडी एकाच देशातली, इक्वेडोरमधली. दोन्ही शहरं विषुववृत्ताच्या जवळ. ग्वायाकिल जवळजवळ समुद्रसपाटीला, सरासरी २५-२६ अंश. कीटो २,८५० मीटर उंचीवर, सरासरी १४ अंशांच्या आसपास. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घटतं या नियमाने मुलं गणित करतील तर कीटोचं तापमान ७-८ अंश येईल आणि ती गोंधळतील. हा गोंधळ मौल्यवान आहे. ६.५ हा मोकळ्या वातावरणासाठीचा सरासरी दर. उंचावरची विस्तीर्ण जमीन उन्हात तापते आणि वरची हवा तापवते, म्हणून पठारावर तापमान हिशेबाएवढं खाली जात नाही. नियम कुठे पुरतो आणि कुठे अपुरा पडतो हे मुलांना नववीतच दिसलं तर उत्तमच.

आता पृथ्वीगोल. तुमच्याकडे तो आहे म्हणता, तर बाकी साहित्य नसलं तरी बिघडत नाही. फक्त तो स्टँडमधून काढा. स्टँड आस २३.५ अंशांत कायमचा कललेला दाखवतो, पण तो आस तुमच्या अंगणातल्या खऱ्या उत्तरेकडे वळलेला नसतो. आदल्या दिवशी मैदानावर एक काठी सरळ रोवा. सकाळी तिच्या सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीच्या पायापासून त्या खुणेपर्यंतच्या अंतराचं वर्तुळ आखा. दुपारनंतर सावली वाढत वाढत पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांच्या मधला बिंदू काठीच्या पायाशी जोडला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, त्यामुळे ही पद्धत त्याहून बरी.

दुसऱ्या दिवशी उन्हात एका वाटोळ्या भांड्याच्या काठावर पृथ्वीगोल ठेवा. दोन गोष्टी नीट जुळवा: तुम्ही राहता ते ठिकाण गोलावर अगदी माथ्यावर हवं, आणि आस त्या उत्तर-दक्षिण रेषेत हवा, उत्तर ध्रुव उत्तरेकडे. एवढं झालं की तो गोल अवकाशात पृथ्वी जशी उभी आहे तसाच उभा असतो, आणि त्याच्यावर पडलेलं ऊन त्या क्षणी खऱ्या पृथ्वीवर पडलेल्या उन्हासारखंच असतं. प्रकाशवृत्त, म्हणजे उजेड आणि अंधार यांमधली सीमा, गोलावर स्पष्ट दिसतं. कुठल्या देशात आत्ता सूर्योदय होतोय, कुठे मावळतोय, हे मुलं बोट ठेवून सांगतात. चिकणमातीच्या छोट्या गोळ्यांत आगपेटीच्या काड्या खोचून त्या गोलावर ठिकठिकाणी चिकटवा. ज्या काडीची सावली नाहीशी होते तिथे या क्षणी सूर्य डोक्यावर आहे. त्या जागेचं अक्षवृत्त वाचून वहीत तारखेसह लिहायला सांगा. जूनमध्ये उत्तर ध्रुव दिवसभर उजेडात असतो, डिसेंबरमध्ये अंधारात. गोल हलवायचा नाही, महिन्यातून एकदा तसाच मांडून फक्त पाहायचं. वर्षभरात बिनसावलीची जागा एका अयनवृत्ताकडून दुसऱ्याकडे जाताना दिसते. ऋतू शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. भिंतीवरचं चित्र किंवा व्हिडिओ याची जागा घेऊ शकत नाही, कारण यात सूर्यही खरा असतो आणि वेळही.

हे करण्याआधी मुलांच्या मनातली एक समजूत बाहेर काढा. उन्हाळा का येतो, यावर बरीच मुलं ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’ असं लिहितात, आणि शिकवून झाल्यावरही लिहीत राहतात. नुसतं ‘ते चूक आहे’ सांगून ती हलत नाही. आकडे द्या: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर. सगळ्यात दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटर. मग उत्तर गोलार्धात जानेवारीत थंडी कशी? त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा कसा? यानंतर आलेखाच्या कागदावर टॉर्च धरा. सरळ धरल्यावर किती चौकोन उजळले ते मोजा, मग कागदाशी ३० अंशांचा कोन करून धरा. जवळजवळ दुप्पट चौकोन उजळतात, म्हणजे तेवढाच प्रकाश दुप्पट जागेत विभागला जातो. तिरप्या किरणांचा मुद्दा इथे मोजून हाती येतो.

दुसरी हट्टी समजूत पावसाची: ‘ढग डोंगराला धडकतात आणि पाऊस पडतो.’ उत्तरपत्रिकेत यालाही गुण मिळून जातात, कारण ‘डोंगर’ आणि ‘पाऊस’ हे दोन्ही शब्द आलेले असतात. पण मधल्या सगळ्या कड्या गळालेल्या असतात. हवा डोंगरामुळे वर चढते, वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते, प्रसरण पावताना थंड होते, थंड झाल्यावर बाष्पाचं सांद्रीभवन होतं. पलीकडे उतरताना ती आकुंचन पावून तापते, म्हणून तिथे पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा, प्रदेश. प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्या, तळाशी थोडं कोमट पाणी, विझवलेल्या काडीचा जरासा धूर आत, झाकण घट्ट. बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. सोडताक्षणी आत धुकं दिसतं, दाबलं की नाहीसं होतं. डोंगर नाही, धडक नाही, तरी ढग. मग अँडीज पर्वताच्या दक्षिण भागाचा पावसाचा नकाशा दाखवा: पश्चिम उतारावर घनदाट जंगलं, पूर्वेला पॅटागोनियाचा कोरडा प्रदेश. आणि लगेच अटाकामा दाखवून विचारा की हे वाळवंट तर समुद्राला लागून आहे, मग इथे पाऊस का नाही? तिथल्या आरिका शहराची वर्षाची सरासरी जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास आहे. पेरूचा थंड प्रवाह किनाऱ्यालगतची हवा खालून थंड करतो, ती वर उठत नाही, धुकं होतं पण पाऊस होत नाही. वर जास्त दाबाच्या पट्ट्यातली उतरती हवा, आणि पूर्वेकडून येणाऱ्या बाष्पाला अँडीजची आडकाठी. एका ठिकाणाला तीन कारणं एकत्र लागू पडतात, हे मुलांना इथे दिसतं.

नकाशावाचनाबद्दल थोडक्यात. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, कागदावरून शिकवू नका. पारदर्शक डब्यात चिकणमातीची टेकडी करा, एक बाजू चढी, एक सौम्य, मधे एक घळ. पाणी एक-एक सेंटिमीटर वाढवा आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेने टोकदार काडीने रेघ ओढा. शेवटी पाणी काढून वरून पाहिलं की रेषा कुठे दाटतात, कुठे विरळ होतात, घळीत त्या चढाच्या दिशेने टोक कसं काढतात, सगळं समोर असतं. त्यानंतर छेद, म्हणजे टेकडी उभी कापल्यावर दिसेल तशी आकृती, काढायला लावा आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: आडवं प्रमाण १:५०,००० आणि उभं १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलं तर डोंगर पाचपट उंच दिसतो. हे न सांगितल्यामुळे छेद काढणाऱ्या मुलांच्या मनात प्रत्येक टेकडी सुळका होऊन बसते. तसंच मर्केटर या नकाशाकाराच्या जगाच्या नकाशाचं. त्याने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी केला, दिशा अचूक राहावी म्हणून. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका जवळजवळ चौदापट मोठी. गोलावर पातळ कागद ठेवून दोन्हींची बाह्यरेषा गिरवायला सांगा, दहा मिनिटांत काम होतं.

भूपट्टांचा धडाही आकड्यांनी उघडा. मोठ्या भूकंपांची यादी अक्षांश-रेखांशांसह सहज मिळते. प्रत्येक मुलाला दहा-बारा भूकंप द्या आणि भिंतीवरच्या एकाच आराखडा नकाशावर ठिपके देऊ द्या. ठिपके विखुरतील असं त्यांना वाटतं, पण पॅसिफिकच्या कडेने आणि महासागरांच्या मध्यातून रेषा उमटतात. मग जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर. त्याने १९१२ मध्ये भूखंडवहनाची, म्हणजे खंड सरकत असल्याची, कल्पना मांडली आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी ती नाकारली, कारण खंड सरकवणारं बळ कोणतं हे त्याला पटेल असं सांगता आलं नाही. चित्र बदललं ते समुद्रतळाच्या मोजणीने. अमेरिकन भूवैज्ञानिक मारी थार्प यांनी १९५०च्या दशकात अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढताना मध्यवर्ती रांगेच्या माथ्यावरची खचदरी ओळखली. नंतर मुलांना गणित द्या. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जिथे सगळ्यात जवळ आहेत तिथलं अंतर सुमारे २,९०० किलोमीटर, दूर जाण्याचा वेग वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे नख वाढतं तेवढा. किती वर्षं लागली? उत्तर साडेअकरा कोटी येतं. खडकांवरून भूवैज्ञानिकांनी काढलेला काळ दहा ते तेरा कोटी वर्षांच्या घरात आहे. एवढ्या साध्या भागाकारातून एवढं जवळचं उत्तर येतं, याचं मुलांना खरंच नवल वाटतं, आणि वाटायलाच हवं.

मानवी भूगोलात धोका वेगळा आहे. तिथे मुलं एकच कारण देऊन मोकळी होतात: ‘डोंगराळ प्रदेश, म्हणून विकास नाही.’ लगेच स्वित्झर्लंड आणि जपान समोर ठेवा. जपानचा सुमारे तीन चतुर्थांश भाग डोंगराळ आहे. प्राकृतिक रचना शक्यता ठरवते, पुढचं माणसांचे निर्णय ठरवतात, आणि दोन्ही वाचायची सवय लावायला लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे वय आणि लिंगानुसार लोकसंख्या दाखवणारा आलेख, उत्तम. जपानचा एक-एक वर्षाच्या वयोगटांचा मनोरा दाखवा आणि फक्त पाहायला सांगा. बारीक नजरेच्या मुलीला किंवा मुलाला एक खाच दिसते, एकाच वर्षाची. हे १९६६ साली जन्मलेले लोक. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख मुलं जन्मली, १९६६ मध्ये सुमारे १३.६ लाख, आणि पुढच्या वर्षी आकडा पुन्हा वर गेला. ना युद्ध, ना रोगराई. तिथल्या पारंपरिक पंचांगानुसार ते ‘अग्नी-अश्व’ वर्ष होतं, आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली अशुभ मानण्याच्या समजुतीमुळे अनेक जोडप्यांनी मूल होणं टाळलं. एक समजूत देशाच्या लोकसंख्येच्या आकृतीत कायमची उमटली. मुलांना विचारा: ही खाच शाळांत कधी दिसली असेल? नोकरीच्या बाजारात कधी? निवृत्तीच्या वेळी कधी? मनोरा ‘वाचणं’ म्हणतात ते हे. विस्तारणारा, स्थिर आणि संकोचणारा हे तीन प्रकार पाठ करणं त्यामानाने किरकोळ.

कारणांची साखळी शिकवायला मध्य आशियातला अरल समुद्र घ्या. १९६० नंतर अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं, समुद्र आटत गेला, उरलेलं पाणी खारट झालं, मासेमारी बुडाली, उघड्या पडलेल्या तळावरची क्षारयुक्त धूळ वाऱ्याने दूरवर पसरली. उत्तरेकडच्या छोट्या भागात २००५ मध्ये कोक-अरल धरण पूर्ण झाल्यावर पाणी वाढलं आणि मासे परतले. ‘यातली कोणती कडी तोडता आली असती?’ यावर गटचर्चा ठेवा, पण प्रत्येक गटाने नकाशावर बोट ठेवूनच बोलायचं.

क्षेत्रभेटीला लांब जावंच असं नाही. पाऊस थांबल्यावर शाळेच्या आवारात वीस मिनिटं पुरतात: पाणी कुठून कुठे गेलं, कुठे माती खरवडली, कुठे साचली. जवळ उथळ, सुरक्षित ओढा असेल तर वळणावर बाहेरच्या आणि आतल्या काठाजवळ हलका तरंगता तुकडा सोडून दहा मीटरला लागणारा वेळ मोजा, तीन-चारदा. बाहेरच्या काठाला वेग जास्त निघतो, म्हणून तिथे झीज आणि आत संचयन. नदीच्या तुटलेल्या वळणाचं नालाकृती सरोवर कसं तयार होतं हे नंतर मुलंच फळ्यावर काढतात. पृष्ठभागाचा वेग संपूर्ण प्रवाहाच्या सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून ढोबळमानाने त्याला ०.८५ ने गुणतात, हेही सांगा. पाणी वाढलेलं असेल तर मात्र काठाजवळही जायचं नाही. आणि निघताना हातात एकच प्रश्न द्या. प्रश्नाशिवाय नेलेली क्षेत्रभेट सहल होते.

पाठांतराला माझा विरोध नाही. खंड, महासागर, विषुववृत्त, दोन्ही अयनवृत्तं, मोठ्या पर्वतरांगा, पन्नासएक देश आणि मोठ्या नद्या डोळ्यांपुढे हव्यातच. नाहीतर ‘इथेच का’ मधलं ‘इथे’च हवेत राहतं. त्यासाठी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं कोऱ्या कागदावर आठवणीने जगाचा नकाशा काढायला लावा. देशोदेशीच्या उत्पादनांचे क्रमांक मात्र पाठ करून घेऊ नका. ते काही वर्षांत बदलतात आणि त्यातून काहीच समजत नाही.

वेळ कमी आहे म्हणता, तर सगळ्या धड्यांना सारखा न्याय देऊ नका. पृथ्वी-सूर्य, नकाशावाचन, हवामान आणि लोकसंख्या इथे जास्तीचे तास घाला. खडकांचे आणि मृदेचे प्रकार, साधनसंपत्तीच्या याद्या मुलं घरी वाचू शकतात. तक्ता द्या आणि पुढे चला.

शेवटी परीक्षा, कारण तुम्ही काहीही शिकवा, महत्त्वाचं काय ते मुलं प्रश्नपत्रिकेवरूनच ठरवतात. प्रत्येक चाचणीत किमान एक प्रश्न वर्गात न आलेल्या आकड्यांवर ठेवा. उदाहरणार्थ: एकाच अक्षवृत्तावरच्या ‘क’ आणि ‘ख’ या दोन शहरांचे मासिक आकडे देऊन कोणतं समुद्राजवळ आहे ते कारणासह लिहा. पाच गुणांपैकी अचूक ओळखीला एक, आकड्यांतला पुरावा दाखवला तर दोन, कारणाच्या कड्या न तोडता जोडल्या तर दोन. ही विभागणी मुलांना आधीच सांगा. ओळख चुकली पण पुरावा आणि तर्क नीट असला, तर ते चार गुण द्या आणि ती उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवा. पहिल्या चाचणीत बऱ्याच जणांचे गुण घसरतील, पालक विचारायला येतील, तेव्हा त्यांना हाच प्रश्न आणि हीच विभागणी दाखवा.